घरात आजारपण आहे? आपली बाजू मांडणारं माणूस कसं आणि कुठं शोधायचं

आमच्या सासूबाईंना २०१९ च्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली. त्या दिवसापर्यंत त्या स्वतःच एका माणसाचं सगळं करत होत्या. माझे धाकटे दीर जन्मतः बौद्धिक दिव्यांग आहेत. त्यांची अंघोळ, जेवण, फिटच्या गोळ्या, रात्रीचं उठणं, सगळं आईंच्या अंगावर. एका सकाळी सांभाळणारीच अंथरुणाला खिळली आणि दोघांचीही जबाबदारी माझ्याकडे आली.

अंगमेहनतीची कामं मी शिकले. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून भरवणं, अंथरुणातच चादर बदलणं, सगळं वॉर्डातल्या मावशींनी दाखवलं. जमेना ते एकच, खिडकीसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडणं. तीन रात्रींचं जागरण झालेलं, पर्समध्ये रेशनकार्डाची चुरगळलेली झेरॉक्स, आणि काचेपलीकडून ‘उत्पन्नाचा दाखला कुठाय? नाही ना, मग बाजूला व्हा’ एवढं ऐकलं की माझा घसा दाटून यायचा. चौथ्या दिवशी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे एक निवृत्त गुरुजी माझ्याबरोबर आले. ते फार काही बोलले नाहीत. त्यांनी अर्ज पुढं सरकवला आणि शांतपणे विचारलं, “नाही म्हणताय ते याच कागदावर लिहून, सही करून द्याल का?” कारकुनानं अर्ज ठेवून घेतला आणि आम्हाला समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीकडं पाठवलं. तशी खोली त्या इमारतीत आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मी म्हणते ते बाजू मांडणारं माणूस म्हणजे हेच. तो वकील असायलाच हवा असं नाही. आपल्याला काय मिळू शकतं ते समजावून सांगणारा, गरज पडेल तिथं आपल्याबरोबर बोलणारा आणि नंतर पाठपुरावा सोडून न देणारा. असा माणूस नशिबानं भेटायची वाट बघू नका. कायद्यानं अशी काही माणसं नेमून ठेवलेली आहेत, त्यांची पदं ठाऊक असली की शोधणं सोपं जातं. महाराष्ट्रात हे काम कसं करायचं, ते ज्यांच्या घरी नुकतंच आजारपण आलंय त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी ठरवा, बाजू कुणाची

ही पायरी बहुतेक घरांत राहूनच जाते. आपण धावपळीत असतो, आणि आजारी माणसाच्या वतीनं बोलता बोलता आपलंच म्हणणं त्याच्या तोंडी घालतो. माझ्याकडूनही हे झालं. आईंना दोन महिने देखभाल केंद्रात ठेवावं असं आम्ही ठरवून टाकलं होतं, चौकशीही केली होती. गुरुजी घरी आले आणि त्यांनी आईंनाच विचारलं. बोलता येत नव्हतं, म्हणून ‘हो’साठी डोळे एकदा मिटायचे, ‘नाही’साठी दोनदा, असं ठरवलं. केंद्राचा विषय निघाला तेव्हा आईंनी दोनदा डोळे मिटले, आणि मग डाव्या हातानं शेजारी बसलेल्या मुलाचा सदरा घट्ट धरला. त्यांना केंद्राची भीती नव्हती, त्यांना मुलापासून लांब जायचं नव्हतं. हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानाचे दोन भाग करा. एकीकडं आजारी माणसाला काय हवंय, दुसरीकडं सांभाळणाऱ्याला काय हवंय. बऱ्याच गोष्टी जुळतील. जुळणार नाहीत तिथं दोघांसाठी एकच माणूस बोलून चालत नाही. सासूच्या घराच्या कागदांचा प्रश्न असेल आणि सून-मुलाचाही त्यात संबंध असेल, तर सासूची बाजू मांडायला बाहेरचं माणूस हवं. यात कुणावर अविश्वास नाही. उलट, पुढं भाऊबंदांत वाद निघाला तर सांभाळणाऱ्याचंही रक्षण यानंच होतं.

वही, पिशवी आणि अंगठा

कोणीही मदतीला आलं तरी पहिल्या भेटीत कागद मागणारच. आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्व असेल तर युडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स एका पिशवीत कायमच्या ठेवा. केसपेपर हातात नसतील तर लेखी अर्ज करून मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी वैद्यकीय नोंदी द्याव्यात असा त्यांच्या व्यवसायाचा नियम आहे. कुठलाही अर्ज टपाल कक्षात देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजलं जातं.

आणि एक अधिकारपत्र करून ठेवा. साध्या कागदावर, ‘माझ्या वतीनं अमुक कामासाठी अर्ज करण्यास, माहिती घेण्यास व उपस्थित राहण्यास मी यांना अधिकार देत आहे’ एवढं पुरतं. आईंचा उजवा हात चालत नव्हता, म्हणून आम्ही डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवण्याआधी त्यांना मजकूर दोनदा वाचून दाखवला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि ठशाखाली ‘डाव्या हाताचा अंगठा’ असं लिहिलं. काम नेमकं लिहा. ‘सर्व व्यवहारांसाठी’ असं मोघम कधीही लिहू नका. शुद्ध हरपलेल्या माणसाचा अंगठा घेऊ नका, ते चूकच आहे आणि पुढं अंगाशी येतं.

रुग्णालयात असाल तर

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, खासगी विश्वस्त रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक. ओपीडीत किंवा वॉर्डात सिस्टरांना सरळ विचारा, “समाजसेवकांची खोली कुठंय?” त्यांचं कामच हे आहे: खर्चाची सोय लावणं, योजनेचे कागद, घरी गेल्यावरची व्यवस्था. डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना भेटा. मोठ्या शहरांत त्यांच्याबरोबर समाजकार्य महाविद्यालयांची मुलंमुली क्षेत्रकार्यासाठी असतात. त्यांना कमी लेखू नका. एका विद्यार्थिनीनं आमच्यासाठी तीन कार्यालयांत फोन करून जी माहिती काढली, ती मला महिनाभरात मिळाली नव्हती. एक मात्र ध्यानात असू द्या, समाजसेवक रुग्णालयाचे नोकर असतात. रुग्णालयाविरुद्धच तक्रार असेल तर त्यांची अडचण होते, तिथं बाहेरचं माणूस शोधा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. आपला आजार योजनेत बसतो का, कागद कुठं अडलेत, हे त्यांना विचारायचं. तेच टाळाटाळ करत असतील तर १५५३८८ वर फोन करा.

धर्मादाय रुग्णालयांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथं बोलणारा माणूस बरोबर असणं आणि नसणं यात लाखांचा फरक पडतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ कक कलमाखाली, आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. तातडीच्या रुग्णाकडं आधी अनामत मागता येत नाही, जीव वाचवणारे उपचार लगेच सुरू करावे लागतात. बाहेरून चकचकीत दिसणारी कित्येक रुग्णालयं धर्मादाय नोंदणीची असतात, म्हणून पाटी बघून परत फिरू नका. ‘खाट शिल्लक नाही’ म्हटलं तर आज या योजनेत किती खाटा भरल्यात ते लेखी मागा, आणि नाही दिलं तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात त्याच दिवशी तक्रार द्या.

म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. सकाळी ८ ते रात्री ८. नुसती माहिती नाही, छळ होत असेल, कुणी टाकून दिलं असेल तर प्रत्यक्ष जाऊन मदतही केली जाते. हेल्पएज इंडियाचा १८००-१८०-१२५३ हाही असाच.

मुलं बघत नाहीत, किंवा एक मूल बघतंय आणि बाकीच्यांनी हात झटकलेत, अशा वेळी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम कामी येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं करायचा. महाराष्ट्रात निर्वाहाची रक्कम महिन्याला कमाल १०,००० रुपये, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित. लोकांना बहुधा ठाऊक नसतात त्या दोन गोष्टी सांगते. एक, म्हातारं माणूस स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्यानं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, वर सांगितलेलं अधिकारपत्र इथं उपयोगी पडतं. दुसरी, याच कायद्याच्या १८ व्या कलमात जिल्हा समाज कल्याण अधिकारी किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला निर्वाह अधिकारी नेमलेलं असतं, आणि आई-वडिलांची इच्छा असेल तर त्यांची बाजू मांडणं हे त्याचं कर्तव्य आहे. म्हणजे फुकटचा, सरकारनंच नेमलेला पाठीराखा. अर्जातच लिहा, ‘कलम १८ नुसार निर्वाह अधिकाऱ्यांनी माझी बाजू मांडावी अशी माझी इच्छा आहे.’ आपण मागितलं नाही तर कुणी आपणहून देत नाही.

शहरात, तालुक्याच्या गावी जवळपास सगळीकडं ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बरेचसे फेस्कॉम या महासंघाला जोडलेले. संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या या मंडळींत कुणी महसुलात नोकरी केलेलं असतं, कुणी बँकेत, कुणी कोर्टात. कुठल्या टेबलावर कोणता कागद जातो हे त्यांना तोंडपाठ असतं, वेळही असतो, आणि कुणाला उपयोगी पडल्याचा आनंदही असतो. मला तरी मदत मिळण्याचं याहून जवळचं ठिकाण दिसलेलं नाही.

दिव्यांग माणूस घरात असेल तर

माझ्या दिरांच्या निमित्तानं मला हे शिकावं लागलं. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान, मग बँकेत, सरकारी कामात आईबापांची सहीही आपोआप चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली कायदेशीर पालक नेमता येतो. हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडं असतं, तिच्यात एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. त्या संस्थेच्या प्रतिनिधीला आधी गाठा. अर्ज कसा भरायचा, समितीची बैठक कधी, हे त्याच्याकडं नेमकं कळतं. आई धडधाकट असतानाच आम्ही हे करून घ्यायला हवं होतं. तुमच्या घरी आई-वडील हिंडते-फिरते असतील तर याच महिन्यात अर्ज करा, आणि त्यांच्यानंतर कोण, हेही बोलून ठेवा. पालक नेमल्यावर तो हयगय करतोय असं दिसलं तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी याच समितीकडं जाऊ शकते. न्यासाची निरामय ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही याच लोकांसाठी आहे, वयाची अट नाही.

वरचे चार प्रकार धरून सगळ्याच दिव्यांगत्वांसाठी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. हक्क डावलला गेला तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडं साध्या अर्जानं तक्रार करता येते. अंथरुणाला खिळलेल्या, ज्यांना सतत आधार लागतो अशांसाठी ३८ व्या कलमात ‘उच्च आधाराची गरज’ मान्य करून घेण्याचा अर्ज आहे, आणि तोही दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. याच कायद्याच्या २४ व्या कलमात सांभाळणाऱ्यासाठीच्या भत्त्याचा उल्लेख आहे. तुमच्या जिल्ह्यात त्याची अंमलबजावणी काय आहे ते माहितीच्या अधिकारात विचारा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. उत्तर काहीही आलं तरी ते संस्थेच्या हातात द्या, त्यांना पुढं भांडायला कागद लागतो.

मनाचा आजार असेल तर

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे. सज्ञान माणूस बरा असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो, त्या व्यक्तीची लेखी संमती मात्र हवी. दाखल करताना, उपचार ठरवताना, हक्क डावलले तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं दाद मागताना हा प्रतिनिधी बोलतो. कुणी नेमलेलंच नसेल तर कायदा आधी नातेवाइकाला आणि मग काळजीवाहकाला तो मान देतो. बरोबर राहून सांभाळणारी पगारी बाईसुद्धा काळजीवाहक ठरू शकते. आपल्या माणसाची तब्येत ठीक असेल त्या दिवसांत, निवांत बसून हा कागद करा. झटका आल्यावर धावपळीत हे होत नाही. टेली-मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

वकील लागलाच तर

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती. हेल्पलाइन १५१००. दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती, मुलं यांना मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांनाही, उत्पन्न कितीही असो. बाकीच्यांना महाराष्ट्रात ३ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. सांभाळणारी बहुतेक घरांत बाईच असते, तेव्हा ही सोय तिची स्वतःची आहे, आजारी माणसाच्या नावावर मागायची नाही. तिथले विधी स्वयंसेवक अर्ज लिहून देतात, कार्यालयात बरोबर येतात. बऱ्याच वेळा वकिलापेक्षा त्यांचीच जास्त गरज असते.

ज्यांनी हे भोगलंय त्यांच्यात जाऊन बसा

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियासाठी ‘सा’ म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे स्वमदत गट आहेत, स्मृतिभ्रंशासाठी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी. बौद्धिक दिव्यांगांच्या पालक संघटनांचा ‘परिवार’ हा देशभरचा महासंघ आहे. अशा ठिकाणी गेल्यावर पहिल्या दिवशी काही बोलावं लागत नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. कोणत्या कार्यालयात कोण नीट ऐकून घेतं, कुठला ब्युरो बरी मावशी देतो, ही माहिती तिथंच मिळते.

तुमचं माणूस परदेशात असेल तर तिथले नियम वेगळे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर अॅक्टनुसार सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, आणि या पाहणीत भाग घेणं एखाद्याला फारच अवघड जात असेल व साथीला योग्य माणूस नसेल, तर स्वतंत्र अॅडव्होकेट द्यावाच लागतो. तिथल्या मराठी घरांत ‘आमचं आम्ही बघू’ म्हणून हे कुणी मागत नाही. मागावं. आपल्याकडं सांभाळणाऱ्याला असा स्वतःच्या नावाचा हक्क अजून मिळालेला नाही, आणि त्याची खंत मला रोज वाटते.

कुणावर विसंबू नये

कोऱ्या कागदावर अंगठा मागणारा. ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणून रोख घेणारा, पण पावती न देणारा. मूळ कागद ठेवून घेणारा. आजारी माणसाशी एकदाही न बोलता सगळं तुमच्याशीच ठरवणारा. आणि अमुक दिवसांत काम होईलच, अशी खात्री देणारा. चांगला माणूस ‘हे होईल, हे होणार नाही’ असं दोन्ही सांगतो.

पहिला फोन

सगळं एकदम सुरू करू नका, एकच प्रश्न निवडा. दुपारच्या जेवणानंतर आजारी माणूस झोपलं की बसा, घाई नसते. काय बोलायचं ते आधी लिहून काढा आणि वाचून दाखवा: ‘मी अमुक गावातून बोलते. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, अंथरुणावर आहेत. आम्हाला अमुक कार्यालयानं अमुक तारखेला तोंडी नकार दिलाय. आमच्याबरोबर येऊन बोलू शकेल असं कुणी आमच्या तालुक्यात आहे का?’ रडू आलं तर येऊ द्या, थांबा, पुन्हा वाचा. फोन ठेवण्याआधी समोरच्याचं नाव, पद, तक्रार क्रमांक आणि पुन्हा कधी फोन करायचा ती तारीख वहीत लिहून घ्या, आणि त्या तारखेला सकाळीच करा.